तिसऱ्या पानाचा देठ

१ जुलै, सकाळी सात

आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाला ती लागतेच. कुणाला दाखवायची नाही. पुनमला तर मुळीच नाही.

परिस्थिती अशी. वय एकोणचाळीस. बाळापूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवतो, तासिका तत्त्वावर, वर्ष बारावं. पीएचडीचं रजिस्ट्रेशन आठ वर्षांपूर्वीचं. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या. आता शेवटची तारीख ३० सप्टेंबर. त्यानंतर विद्यापीठ ऐकणार नाही, असं माझे नांदेडचे गाईड ठाकूर सर फोनवर म्हणाले. आवाज थकलेला वाटला. वय झालं त्यांचं.

कॉलेजात बॉटनीची एक पूर्णवेळ जागा निघते आहे. पीएचडी झाली तर ती माझी. नाही झाली तर पुनमचा भाऊ संतराम याचं कनेरगाव नाक्यावर खत-औषधांचं दुकान आहे, तिथं बसायचं. हे पुनमनं ठरवलं आहे. ती आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. लसीची तारीख सांगतात त्या आवाजात तिनं मला हे सांगितलं.

संकल्प: तीन महिने, एक प्रयोग, एक आकडा. बस.

३ जुलै

प्रयोग मांडला. मुगाच्या तीस कुंड्या, प्रत्येकीत तीन रोपं. पंधरा कुंड्यांना पाण्यासोबत रोज एक झाकण हळदीच्या पानांचा अर्क. उरलेल्या पंधरांना नुसतं पाणी. या नुसत्या पाण्यावाल्यांना कंट्रोल म्हणतात. अर्कवाल्यांना लाल चिकटपट्टी, कंट्रोलला पांढरी. एकवीस दिवसांनी उंची मोजायची. लाल उंच निघाले की मी डॉक्टर.

हळद काढली की आपल्याकडे पाला बांधावर पडून असतो. त्याच्याकडे आजवर कुणी शास्त्रीय नजरेनं पाहिलं नाही. मी पाहिलं. पोतंभर आणला, उकळला, गाळला. पाच लिटर अर्क. हिशेब केला, एकवीस दिवस बरोबर पुरतो.

रोजचं पाणी आणि अर्क पंचफुलाबाई देतील. त्या आमच्या लॅबमध्ये वीस वर्षांपासून परिचर आहेत. हाताचं काम त्यांनी करावं, डोक्याचं मी. त्यांनी विचारलं, सर, ह्या पांढऱ्यांनी काय घोडं मारलं, त्यांना औषध काहून न्हाई. मी म्हटलं, तुम्ही फक्त रोपांना जपा, बाकी मी बघतो. कारण मुद्दामच सांगितलं नाही. माहिती कमी असली की माणूस निःपक्षपाती राहतो. परदेशात अशा प्रयोगाला फार मान आहे.

१४ जुलै

अर्क संपला. एकवीस दिवसांचा अर्क अकरा दिवसांत. पंचफुलाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, संपला तर संपला सर, लेकरं पिऊन राहिली बराबर.

बाष्पीभवन असणार. लॅबचा पंखा दिवसभर चालू असतो. हळदीचा अर्क पाण्याच्या दुप्पट वेगानं उडतो, यावर वेगळा पेपर होऊ शकेल. नोंद करून ठेवली. तोवर पुन्हा पाला उकळून दहा लिटरचा कॅन भरून ठेवला.

२४ जुलै, संध्याकाळ

मोजलं. लाल सरासरी एकवीस पूर्णांक सहा सेंटिमीटर. पांढरे एकवीस पूर्णांक चार. लाल पुढे! पळतच कोमल मॅडमकडे गेलो. कोमल खिल्लारे आमच्याकडे स्टॅटिस्टिक्स शिकवतात. वय सत्तावीस. त्याही तासिकेवरच, पण अजून नवीन असल्यामुळे त्यांना त्याचं दुःख नाही.

त्यांनी लॅपटॉपवर आकडे टाकले. पी-व्हॅल्यू आली ०.८१. पाहिजे ०.०५ च्या खाली. त्यांनी नीट समजावलं. समजा अर्कानं काहीच होत नाही, तरीही निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते हा आकडा सांगतो. आपल्या बाबतीत ती शंभरात एक्याऐंशी. म्हणजे या दोन मिलिमीटरवर विसंबून काही म्हणता येत नाही.

वर म्हणाल्या, सर, हाही रिझल्टच आहे, फरक आढळला नाही असं प्रामाणिकपणे लिहा आणि प्रबंध देऊन टाका, डिग्री मिळते. रात्री ठाकूर सरांना फोन केला तर तेही नेमकं हेच म्हणाले. मी मनात हसलो. गुरू परीक्षा घेतात. आठ वर्षं घालवून फरक नाही असं लिहायचं? पुनमला काय सांगू, आठ वर्षं काय केलं? फरक केला नाही?

दुसरी खेप उद्याच पेरतो.

२ ऑगस्ट

पुनमनं विचारलं, किती राहिलं. मी म्हटलं, नव्वद टक्के झालं. मागच्या वर्षीही नव्वदच होतं, असं ती म्हणाली. तिची स्मरणशक्ती फक्त वाईट गोष्टींपुरती चांगली आहे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन उरकून थेट लॅब. दुसरी खेप मोजली. पी ०.४४.

केवढी प्रगती. एका खेपेत ०.८१ वरून ०.४४. याच वेगानं पुढच्या खेपेला ०.०७ आणि त्यापुढच्या खेपेला शून्याच्या खाली. कोमल मॅडम म्हणाल्या, पी शून्याच्या खाली जात नसते सर. तरुण मुलांना मोठी स्वप्नं बघता येत नाहीत.

दोन्ही खेपा एकत्र करून पाहिल्या. ०.५६. पुन्हा वेगळ्या केल्या.

१७ ऑगस्ट

तिसरी खेप पेरली. ही शेवटची. यानंतर वेळ नाही, हे मलाही कळतं. 

२० ऑगस्ट. महत्त्वाचा दिवस

आज कोमल मॅडमशी बोलताना गंमत झाली. मी सहज म्हटलं, उंचीचं जाऊ द्या, यावेळी मुळांची लांबीही मोजतो, पानंही मोजतो. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, सर, काय मोजायचं ते आधी ठरवायचं आणि त्यालाच धरून राहायचं. नाहीतर खरा फरक काहीच नसला तरी वीस वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या की त्यातली एखादी आपोआपच ०.०५ च्या खाली येते.

मी विचारलं, वीस? त्या म्हणाल्या, साधारण वीसात एक. मी पुन्हा विचारलं, नक्की वीस ना? त्या म्हणाल्या, सर, मी हे करू नका म्हणून सांगतेय.

घरी येताना पावलं हलकी. वीस! आठ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.

३० ऑगस्ट

पांढऱ्या कुंड्यांची रोपं चांगलीच तरारली आहेत. नुसत्या पाण्यावर एवढी? कंट्रोलला स्वाभिमान असतो की काय. पंचफुलाबाई जाता येता त्यांच्यावरून हात फिरवतात. या खेपेला नव्यानं भरलेला दहा लिटरचा कॅनही तेरा दिवसांतच निम्म्याच्या वर रिकामा. पंखा बंद ठेवायला सांगितलं, तरी उडतोच आहे.

७ सप्टेंबर

एकवीस दिवस झाले. मोजायला सुरुवात. उंची ०.६९. पानांची संख्या ०.९०. प्रत्येक कुंडीतलं एक रोप उपटून ओलं वजन, ०.३३. खोडाची जाडी ०.५८. आणखी खूप शिल्लक आहे. घाई नाही.

९ सप्टेंबर

मुळांची लांबी, उपमुळांची संख्या, वाळलेलं वजन, पेरांची संख्या, दोन पेरांमधलं अंतर, पहिल्या पानाची लांबी, पहिल्या पानाची रुंदी, दुसऱ्या पानाचं तेच. तेरा गोष्टी झाल्या. सगळ्यात जवळचा आकडा ०.१९. डोळे दुखतात. फुटपट्टीवरचे मिलिमीटर झोपेतही दिसतात.

११ सप्टेंबर

घरी महालक्ष्म्या. पुनमनं सोळा भाज्या केल्या, माणसं जेवायला बोलावली. तिनं दोनदा फोन केला. मी लॅबमध्ये होतो. सतरावी गोष्ट चालू होती, तिसऱ्या पानाच्या देठाची लांबी.

०.०६२.

आकडे पुन्हा टाकून बघितले. तेच. घरी पोचलो तेव्हा शेवटची माणसं हात धूत होती. पुनमनं माझं ताट झाकून ठेवलं होतं.  मी जेवलो, पण काय जेवलो ते आत्ता आठवत नाही. सोळापैकी एकही भाजी आठवत नाही.

१२ सप्टेंबर, पहाट

आकडे नीट बघितल्यावर लक्षात आलं. पांढऱ्यांतल्या दोन कुंड्यांचे देठ फाजील लांब आहेत. त्या खिडकीशी होत्या. लाल कुंड्याही खिडकीशी होत्या, पण मर्यादेत राहिल्या. या दोघी प्रयोगाच्या शिस्तीत बसत नाहीत. वगळल्या.

०.०४६.

मी रडलो. पुनम दचकून उठली, तिला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच, कितीतरी वर्षांनी, खरंच, असं विचारलं. मी म्हटलं, खरंच. तिनं उठून चहा केला. तो चहा मात्र पूर्ण आठवतो.

१३ सप्टेंबर

कोमल मॅडमना आकडा दाखवला. अभिनंदन केलं नाही. विचारलं, एकूण किती गोष्टी मोजल्या. मी म्हटलं, एकच. बाकीच्या सोळा विसरण्यासारख्याच होत्या. त्यांनी विचारलं, पांढऱ्या तेराच कशा. मी म्हटलं, दोन दगावल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, सर, तुम्हाला स्वतःला खरं वाटतंय का.

राग आला. फार राग आला. मत्सर म्हणायचा हा. संध्याकाळभर राग आला.

१४ सप्टेंबर

प्रबंधाचं शीर्षक बदललं. आधी मुगाच्या वाढीवर परिणाम असं होतं. आता मुगाच्या तिसऱ्या पानाच्या देठावर परिणाम. पहिल्या प्रकरणात तिसऱ्या पानाचं महत्त्व लिहिलं. दोन पानं भरली. मलाच पटलं.

बाळापुरातल्या पेंटरकडे दाराची पाटी टाकली. डॉ. बालाजी किसनराव कऱ्हाळे. पेंटर म्हणाला, डॉ. लाल रंगात घेऊ का. घे म्हटलं.

१९ सप्टेंबर

ठाकूर सरांनी प्रबंध चाळला. म्हणाले, देठ? मी म्हटलं, देठ. त्यांनी शीर्षकाचं पान पुन्हा उघडून बघितलं. मग म्हणाले, बरं, सिग्निफिकंट आहे ना, २४ तारखेला समिती घेऊन येतो, सगळं लॅबमध्येच बघू. कुंड्या ठेवून द्या.

पंचफुलाबाईंना सांगितलं, मोठी माणसं येणार, कुंड्या पुसून घ्या. त्यांनी नवं लुगडं काढून ठेवलंय म्हणे.

२५ सप्टेंबर, दुपार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. जसं झालं तसं.

ठाकूर सर आणि परभणीहून आलेल्या एक मॅडम. कोमल मॅडम मागच्या बाकावर. मी पस्तीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो. ०.०४६ ची स्लाइड आली तेव्हा थोडा थांबलो, परिणामासाठी. परभणीच्या मॅडमनी मान डोलावली. कुंड्यांपाशी गेल्या. पांढरी चिकटपट्टी बोटानं चाचपली. म्हणाल्या, कंट्रोलची निगा छान राखलीय, कुणी राखली.

पंचफुलाबाई चहाचा ट्रे घेऊन आलेल्याच होत्या. मी अभिमानानं ओळख करून दिली. रोज एकही खाडा न करता यांनीच सगळं दिलं, असं मीच सांगितलं. मीच.

मॅडमनी प्रेमानं विचारलं, मावशी, कसं द्यायचात.

पंचफुलाबाई लाजल्या. म्हणाल्या, काई न्हाई मॅडम, समद्याला एक एक झाकण. सर म्हणले व्हते पांढऱ्याला नका देऊ, पण एका पंगतीत बसवायचं अन् अर्ध्याच्याच पानात वाढायचं, ते माझ्या हातून व्हत न्हाई. लेकरं हाईत ती. पहिल्या दिसापासून बराबर वाढलं समद्याला. एक बी उपाशी ठेवलं न्हाई.

वर पंखा चालूच होता. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

मॅडम म्हणाल्या, म्हणजे तीसही कुंड्यांना अर्क. ठाकूर सरांनी चष्मा काढला. फरक नसलेल्या दोन गटांत मी ०.०४६ चा फरक काढला होता. मी कोमल मॅडमकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाच लिटरचा कॅन अकरा दिवसांत संपला होता. दहाचाही निम्म्या दिवसांत. सरळ दुप्पट. बॉटनीच्या माणसाला कळलं नाही.

जाताना ठाकूर सर जिन्यात म्हणाले, बालाजी, जुलैत सांगितलं होतं, फरक नाही असं लिही. आता तेही लिहिता येत नाही, कंट्रोलच नव्हता.

२६ सप्टेंबर

पंचफुलाबाईंना झापायला गेलो. वाक्यं तयार केली होती. त्या काचेच्या नळ्या धूत होत्या. म्हणाल्या, सर, माझं काई चुकलं का, कोमल मॅडम रडून राहिल्या व्हत्या. अन् तुमीच तर म्हणले व्हते, जपा त्यांना.

म्हणालो होतो. तयार वाक्यं तशीच परत घेऊन आलो. पांढऱ्यांना अर्क का नाही, ते तीन महिन्यांत एकदा सांगितलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. लाज वाटली. इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

२७ सप्टेंबर

रात्रभर विचार केला आणि एकदम उजेड पडला. आजवर फरक दिसला नाही, कारण दोन्हीकडे अर्क होता! म्हणजे अर्काची खरी परीक्षा झालेलीच नाही! आता खरा कंट्रोल ठेवला तर केवढा फरक येईल. पंचफुलाबाईंनी उपकारच केले.

घराच्या गच्चीवर तीस कुंड्या. सगळं मी स्वतः देणार. गच्चीची किल्ली माझ्या खिशात. विद्यापीठाला मुदतवाढीचा अर्ज टाकला. वैज्ञानिक अपघात असं कारण लिहिलं.

३० सप्टेंबर

अर्जाला उत्तर नाही. ऑनलाइन बघितलं, माझ्या नावापुढे रजिस्ट्रेशन रद्द असं आलं आहे. बघितलं तेव्हा दुपारचे चार. तारीख संपायला आठ तास होते. त्यांनाही घाई.

पाटी तयार झाली म्हणून पेंटरचा फोन आला. आणली. कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली. पुनमनं काय आहे विचारलं नाही. तिला डॉ. चा लाल रंग कापडातून दिसत असणार.

१८ ऑक्टोबर

मोजलं. फक्त उंची. आधी ठरवून. पंधरा आणि पंधरा. एकही कुंडी वगळली नाही. कोमल मॅडमना घरी बोलावलं, आकडे त्यांच्यासमोर टाकले.

०.७७.

माझा हात आपोआप देठाकडे गेला. त्यांनी बघितलं. मी हात मागं घेतला.

त्या म्हणाल्या, सर, याचा अर्थ अर्काचा उपयोग होतो असं यातून तरी दिसत नाही, पण हे खरं काम आहे. मी म्हटलं, हो, कुठं द्यायचं ते सांगा. त्यांनी लॅपटॉप मिटला. मलाही उत्तर नको होतं.

पंचफुलाबाई सहज बघायला आल्या होत्या. तीस कुंड्यांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, समदी सारखीच आली की सर, कोणीच मागं पडलं न्हाई. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

४ नोव्हेंबर, कनेरगाव नाका

दिवाळी झाली. दुकानात पहिला दिवस. संतरामनं काउंटरमागं खुर्ची दिली. माझी ओळख सगळ्यांना प्रोफेसर म्हणून करून देतो, त्यानं माल खपतो म्हणे. मागच्या फळीवर टॉनिकच्या बाटल्यांची रांग आहे. एकीवर हळदीच्या पानाचं चित्र. मी खुर्ची जरा फिरवून घेतली.

संकल्प: इथं आकडे मनावर घ्यायचे नाहीत.

दुपारी जळबा नावाचे एक म्हातारे शेतकरी आले. हरभऱ्यावर मारायला टॉनिक पाहिजे होतं. नेमकी हळदीच्या पानाची बाटली उचलली. फिरवून फिरवून बघितली. मग मला विचारलं, प्रोफेसर सायब, ह्यानं फरक पडून राहिला का खरंच.

मागं संतराम गोण्या रचत होता. तो थांबला.

मी म्हटलं, पडतो.

जळबांनी दोन बाटल्या घ्यायच्या म्हणून काढल्या होत्या, त्यातली एक परत ठेवली. म्हणाले, मंग असं करतो, अर्ध्या वावराला मारतो, अर्ध्याला न्हाई, दोन्हीकडं पाणी सारखंच, कळंलच आपल्याला. मी विचारलं, फवारायला गडी कोण आहे. ते म्हणाले, गडी कशाला, मी सोताच मारतो, दुसऱ्यावर इस्वास न्हाई.

एकवीस दिवसांनी सांगायला येतो म्हणाले. म्हणजे २५ नोव्हेंबर. त्या दिवसाची सुट्टी मी आजच संतरामला मागून ठेवली.